दाणे टिपणारी वही

मराठीत ‘टिपणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत, आणि नोट्स कशा काढाव्यात या साऱ्या प्रश्नाचे मूळ त्या दोन अर्थांमधल्या अंतरात सापडते. चिमणी अंगणात पसरलेल्या धान्यातून दाणा टिपते तेव्हा खडा, फोल आणि काडी वगळून ती नेमका दाणा चोचीत उचलते. टीपकागद शाई टिपतो तेव्हा मात्र तो कसलीच निवड करीत नाही, जे ओले लागेल ते सगळे शोषून घेतो, आणि त्याच्यावर उमटलेली अक्षरे उलटी असल्यामुळे नंतर वाचताही येत नाहीत. व्याख्यान ऐकताना किंवा पुस्तक वाचताना वहीत जे उतरते त्याला मराठीत टिपण म्हणतात, आणि प्रत्येक टिपण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते. (‘टाचण’ हा शब्दही याच कुळातला असला, तरी शाळेत टाचणवही म्हणजे शिक्षकाने पाठ घेण्याआधी लिहिलेली तयारी, टिपण हे ऐकल्यानंतरचे, टाचण हे बोलण्याआधीचे.) विद्यार्थ्याला आपल्याला कोणती पद्धत मानवेल असा प्रश्न पडतो तेव्हा त्याला बहुधा वहीचा आराखडा हवा असतो, म्हणजे रकाने किती असावेत, रंग कोणते वापरावेत, वही वापरावी की टॅब. खरा शोध त्याच्या आधी सुरू व्हायला हवा: या पानाकडून नंतर कोणते काम करून घ्यायचे आहे, आणि ते लिहिताना डोक्यात काय घडायला हवे आहे, हे ठरल्याशिवाय आराखडा निवडणे म्हणजे माप न घेता कापड बेतणे होय.

नोट्स काढणे अवघड का जाते याचे एक कारण साध्या अंकगणितात आहे. इंग्रजीत व्याख्यान देणारा वक्ता मिनिटाला साधारण १२० ते १५० शब्द बोलतो, तर हाताने लिहिणाऱ्याचा वेग मिनिटाला २० ते ३० शब्दांच्या पुढे क्वचितच जातो. विभक्तिप्रत्ययांमुळे मराठी शब्द लांब होत असल्याने मराठीत हे आकडे थोडे बदलतील, पण ऐकण्याच्या आणि लिहिण्याच्या वेगातील अंतर तेवढेच राहील. म्हणजे पाच-सहा वाक्ये ऐकून एकच वाक्य लिहायचे, आणि ते कोणते हे पुढचे वाक्य कानावर पडण्याच्या आत ठरवायचे, असे हे काम आहे. ते कार्यस्मृतीत चालते. कार्यस्मृती म्हणजे या क्षणी मन ज्या गोष्टी एकाच वेळी धरून त्यांच्यावर काम करू शकते तेवढी मर्यादित जागा. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ मधील प्रसिद्ध निबंधात तिची क्षमता सात, दोन कमी किंवा दोन जास्त, इतक्या घटकांची सांगितली होती. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये सगळा पुरावा पुन्हा तपासून ती चारच्या आसपास आणली. चार घटकांच्या या जागेत वक्त्याचे वाक्य धरायचे, त्याचा अर्थ लावायचा, मागच्या मुद्द्याशी जोडायचा, लिहिण्याजोगा भाग निवडायचा आणि अक्षरही वळवायचे, हे सगळे एकदम करावे लागते. त्यामुळे जो विद्यार्थी सगळेच उतरवू पाहतो त्याचे ऐकणे थांबते, आणि जो काहीच उतरवीत नाही त्याच्यापाशी आठवडाभराने काहीच उरत नाही.

फ्रान्सिस डी व्हेस्टा आणि सुसान ग्रे यांनी १९७२ मध्ये टिपणाची जी दोन कार्ये वेगळी करून दाखवली ती आजही या विषयाच्या अभ्यासाचा पाया मानली जातात. पहिले कार्य संकेतनाचे: लिहिता लिहिता माहितीवर जी प्रक्रिया होते, म्हणजे निवड, शब्दांतर आणि मांडणी, त्यामुळेच ती अधिक पक्की बसते, मग ती वही पुन्हा उघडली नाही तरी चालते. दुसरे कार्य बाह्य साठवणीचे: जे स्मृतीत राहणार नाही ते कागदावर राहते आणि गरज पडेल तेव्हा तिथून परत घेता येते. ही दोन्ही कार्ये एकाच पानाकडून अपेक्षिली जातात, आणि बहुतेक पद्धतींचे गुणदोष याच गुंत्यातून जन्मतात, कारण संकेतनासाठी उत्तम असलेले पान त्रोटक, खाडाखोडीचे आणि लिहिणाऱ्यालाच कळणारे असते, तर साठवणीसाठी उत्तम पान पूर्ण, नेटके आणि सहा महिन्यांनीही वाचता येणारे असावे लागते. शाळेतल्या कच्च्या आणि पक्क्या वहीची जुनी विभागणी या दृष्टीने पाहिली तर तिच्यात शहाणपण होते. दोष एवढाच की पक्की वही बहुधा कच्च्या वहीची सुवाच्य नक्कल असे, आणि नक्कल करताना हात चालतो पण डोके चालतेच असे नाही.

लॅपटॉप की पेन हा वादही याच दोन कार्यांच्या प्रकाशात समजून घ्यावा लागतो. पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लॅपटॉपवर नोट्स घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी वक्त्याचे शब्द जास्त प्रमाणात जसेच्या तसे उतरवले होते, आणि संकल्पनांविषयीच्या प्रश्नांत ते हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडले होते. शब्दशः लिहू नका असे बजावूनही त्यांची सवय फारशी बदलली नव्हती. हा निष्कर्ष वर्तमानपत्रांतून जगभर पोचला. त्यानंतर इतर संशोधकांनी केलेल्या पुनःप्रयोगांत, विशेषतः २०२१ मधील एका मोठ्या प्रयत्नात, टंकलेखन करणारे अधिक शब्द आणि अधिक शब्दशः मजकूर लिहितात हे पुन्हा दिसले, पण परीक्षेतील गुणांतला फरक मात्र स्पष्टपणे हाती लागला नाही. तेव्हा कळफलक वाईट आणि पेन चांगले असा निवाडा देता येत नाही. वेगवान साधन टीपकागदाकडे ओढ लावते, संथ साधन चोचीकडे, इतकेच निश्चित म्हणता येते. ज्याचा हात कळफलकावरही निवडूनच चालतो त्याने लॅपटॉप सोडण्याचे कारण नाही, आणि ज्याला अक्षर काढताना त्रास होतो किंवा डोळ्यांनी कमी दिसते त्याच्यासाठी तर कळफलक किंवा ध्वनिमुद्रण ही सोय नसून गरज असते.

‘आपण कसे शिकतो’ या प्रश्नाचे एक उत्तर गेल्या काही दशकांत अतिशय लोकप्रिय झाले आहे, आणि ते चुकीचे असल्याने त्याच्यापाशी थोडे थांबणे भाग आहे. काही जण डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी, काही वाचून-लिहून आणि काही हातांनी करून, तेव्हा प्रत्येकाने आपला प्रकार ओळखून त्याप्रमाणे नोट्स काढाव्यात, असे हे उत्तर सांगते. न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांच्या नावाशी जोडलेली, १९९२ पासून प्रचारात आलेली प्रश्नावली या चार प्रकारांवरच आधारलेली आहे, आणि शिक्षक प्रशिक्षणाच्या वर्गांतूनही हे वर्गीकरण सिद्ध झालेल्या सत्यासारखे शिकवले जाते. ते खरे ठरण्यासाठी कोणता पुरावा लागेल हे हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नेमकेपणाने मांडले: एकच विषय दोन रीतींनी शिकवला असता ‘दृश्य’ विद्यार्थ्यांना चित्रांची रीत अधिक फळावी आणि ‘श्राव्य’ विद्यार्थ्यांना त्याच परीक्षेत बोलण्याची रीत अधिक फळावी, म्हणजे दोन्ही गटांचे निकाल एकमेकांना छेदून जावेत. असा छेद दाखवणारा भक्कम पुरावा त्यांना सापडला नाही. लोकांच्या आवडी वेगवेगळ्या असतात हे खरे; कोणाला आकृत्या आवडतात, कोणाला परिच्छेद. पण आवडणे आणि लक्षात राहणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि या लेबलाने होणारी हानी खरी आहे, कारण ‘मी ऐकून शिकणारा’ असे एकदा मनाशी ठरवलेला विद्यार्थी नकाशा काढायला बसतच नाही.

नोट्सचे रूप ठरण्यात विद्यार्थ्याच्या प्रकारापेक्षा विषयाच्या घडणीचा वाटा किती मोठा असतो हे एका तासाच्या उदाहरणावरून दिसेल. भूगोलाच्या वर्गात पर्जन्यछाया हा विषय चालला आहे. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडतात, हवा वर चढू लागते, उंचीवर दाब कमी असल्याने ती प्रसरण पावते, आणि प्रसरणासाठी लागणारी ऊर्जा तिच्या स्वतःच्या उष्णतेतून खर्च झाल्याने थंड होते. थंड हवेत तेवढे बाष्प मावत नाही म्हणून सांद्रीभवन होऊन पाऊस पडतो, ज्याला प्रतिरोध पर्जन्य म्हणतात. घाटमाथा ओलांडल्यावर तीच हवा खाली उतरते, दाबली जाऊन उबदार होते, तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता वाढते आणि पाऊस घटतो, हीच पर्जन्यछाया. शिक्षक आकडेही सांगतात: महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस, वीसेक किलोमीटर पूर्वेला पाचगणीत त्याच्या निम्म्याहून कमी, आणि त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात पाचशे मिलिमीटरच्या आसपास.

या तासाच्या तीन वह्या कल्पून पाहाव्यात. पहिल्या वहीत दीड पान मजकूर आहे, ‘वाताभिमुख’ (वाऱ्याकडचा उतार) आणि ‘वातविन्मुख’ (वाऱ्याआडचा उतार) यांच्या व्याख्या अक्षरशः उतरल्या आहेत, पण ‘उंचीवर दाब कमी असल्याने’ हा दुवा हरवला आहे, कारण तो बोलला जात असताना विद्यार्थिनी आधीची व्याख्या पूर्ण करीत होती. दुसऱ्या वहीत एकाखाली एक ठिपके आहेत: मोसमी वारे, सह्याद्री, प्रतिरोध पर्जन्य, महाबळेश्वर ६०००, पाचगणी, माण. सगळे दाणे टिपले आहेत, पण हवा का थंड होते हे या पानावरून कधीच कळणार नाही, कारण ठिपक्यांची यादी गोष्टी शेजारी शेजारी ठेवते आणि त्यांच्यातले ‘म्हणून’ गाळते. तिसऱ्या वहीत डावीकडून चढणारी आणि उजवीकडे उतरणारी डोंगराची एक तिरकी रेघ आहे, तिच्या दोन्ही उतारांवर बाण आहेत, चढत्या बाणावर ‘दाब कमी, पसरते, थंड’ आणि उतरत्या बाणावर ‘दाब जास्त, दबते, उबदार’ असे लिहिले आहे, आणि रेघेखाली तीन ठिकाणी तीन आकडे आहेत. तिसरी वही ‘दृश्य’ विद्यार्थ्याची असावी असे म्हणण्याचे कारण नाही. मुळात विषयच जागेत घडणारा आणि कारणांच्या साखळीने बांधलेला आहे, म्हणून रेघ आणि बाण त्याला शोभतात. हाच विद्यार्थी दुसऱ्या दिवशी राज्यघटनेतील मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वे यांच्यातील फरकावर नोट्स काढेल तेव्हा त्याला दोन रकान्यांचा तक्ता लागेल, इतिहासात काळाची रेषा लागेल, आणि तत्त्वज्ञानातील एखाद्या युक्तिवादासाठी पूर्ण वाक्येच लागतील, कारण तिथे ‘परंतु’ आणि ‘जरी’ हे शब्द गाळले तर युक्तिवादच गळून पडतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या संकल्पना-नकाशात दोन संकल्पनांना जोडणाऱ्या प्रत्येक रेघेवर ‘यामुळे’, ‘याचा भाग’, ‘याच्या उलट’ असा जोडशब्द लिहावाच लागतो, आणि त्याचे शिस्तबद्ध मोल तिथेच आहे; मध्यभागी विषय लिहून भोवती रंगीत फांद्या काढणाऱ्या नकाशात हा शब्द लिहिण्याची सक्ती नसते, म्हणून तो देखणा होतो पण बरेचदा मुका राहतो.

याच कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात जी पानाची आखणी रूढ केली आणि १९६२ च्या पुस्तकातून सर्वदूर पोचवली, ती आज नोट्सची सर्वांत ओळखीची पद्धत आहे. पानाच्या डावीकडे अडीच इंचांची पट्टी, उजवीकडे सहा इंचांचा रुंद भाग आणि तळाशी दोन इंचांची जागा: वर्गात उजवीकडे लिहायचे, तास संपल्यावर डाव्या पट्टीत त्या मजकुरातून निघणारे प्रश्न किंवा सूचक शब्द लिहायचे, आणि तळाशी पानाचा सारांश दोन-तीन वाक्यांत लिहायचा. पानाच्या कडेला जागा सोडण्याची शिस्त मराठी लेखनपरंपरेला नवी नाही. समर्थ रामदासांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे, आणि कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षराला धक्का लागू नये अशा बेताने भोवती जागा सोडून मधोमध लिहावे, असा उपदेश त्यात आहे. वहीतल्या डावीकडच्या मोकळ्या पट्टीलाही मराठीत समासच म्हणतात. रामदासांच्या समासाने अक्षराचे रक्षण केले. पॉक यांच्या समासाचे काम वेगळे आहे, आणि तेच बहुतेक विद्यार्थी करीत नाहीत. पट्टी आखली जाते, तिच्यात शीर्षकेही लिहिली जातात, पण उजवा भाग हाताने झाकून, डावीकडचा प्रश्न वाचून, उत्तर स्वतःच्या शब्दांत मोठ्याने म्हणायचे आणि मग हात काढून ताडून पाहायचे, ही पायरी वगळली जाते. ती वगळली की ही पद्धत आखलेल्या कागदापलीकडे काहीच उरत नाही.

त्या पायरीत इतके काय आहे हे समजण्यासाठी स्मृतीच्या अभ्यासाकडे जावे लागते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी सुमारे २३०० अर्थहीन अक्षरगट तयार करून त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि ठरावीक काळानंतर त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो हे मोजले. वाचलेल्या वेळेच्या या मापाने पाहता एका तासातच निम्म्याहून अधिक गळून जात होते, एका दिवसाने तिसरा हिस्सा उरत होता, आणि त्यापुढे महिनाभर गळती अगदी संथ होत जात होती. अर्थपूर्ण मजकूर इतक्या वेगाने विसरला जात नाही, परंतु आधी तीव्र आणि मग संथ हा उतार तोच राहतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. एका गटाने तो उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने उतारा न पाहता आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, सुमारे ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत चित्र उलटले, वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. या प्रयोगातील पाच मिनिटांचा आकडा विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण वाचून झाल्यावर लगेच जो आत्मविश्वास वाटतो तो खोटा नसतो, तो फक्त अल्पायुषी असतो. नोट्स पुन्हा पुन्हा वाचणे, हायलायटरने ओळी रंगवणे आणि सुंदर अक्षरात उतरवून काढणे या तिन्ही गोष्टींनी मजकूर ओळखीचा होतो, आणि ओळख पटणे म्हणजे येणे असा गैरसमज मनात तयार होतो. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा तंत्रांचा जो आढावा घेतला त्यात पुनर्वाचन आणि अधोरेखन कमी उपयुक्त ठरले, तर स्वतःची चाचणी घेणे आणि अंतराअंतराने उजळणी करणे ही दोन तंत्रे सर्वांत वर आली.

विद्यार्थ्या-विद्यार्थ्यांमध्ये ज्या फरकांमुळे पद्धत खरोखर बदलावी लागते त्यांपैकी सर्वांत मोठा फरक पूर्वज्ञानाचा, आणि महाराष्ट्रात त्याला लागूनच येणारा दुसरा फरक भाषेचा. ज्याला विषयाचा सांगाडा आधीच ठाऊक आहे त्याला चार शब्द पुरतात, कारण प्रत्येक शब्द कुठे टांगायचा याची खुंटी त्याच्याकडे असते. नवख्याला मात्र खुंट्याच नसतात, म्हणून तास सुरू होण्याआधी प्रकरणाची शीर्षके आणि आकृत्या दहा मिनिटे चाळून जाणे हे त्याच्यासाठी कोणत्याही रंगीत पेनापेक्षा अधिक मोलाचे ठरते. दहावी-बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अभियांत्रिकी, वैद्यकीय किंवा वाणिज्य शाखेत इंग्रजी व्याख्यानांना बसणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण याहून वेगळी आणि दुर्लक्षित आहे. त्याची कार्यस्मृती भाषेचा अर्थ लावण्यातच खर्ची पडते, निवड करायला जागा उरत नाही, आणि तो शब्दशः लिहू लागतो. शब्दशः लिहिणे हा त्याचा आळस नसून नाइलाज असतो, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे आहे. अशा विद्यार्थ्याने उजवीकडे ऐकू येईल तसे इंग्रजीत उतरवावे आणि त्याच संध्याकाळी समासात मराठीतून अर्थ लिहावा, तर पॉक यांची पट्टी त्याच्यासाठी पुलाचे काम करते. ‘मोमेंटम’ म्हणजे आपल्याला माहीत असलेला संवेग, ‘इनर्शिया’ म्हणजे जडत्व, ‘रिफ्रॅक्शन’ म्हणजे अपवर्तन, अशी ओळख पटली की शाळेत मिळवलेले सारे ज्ञान एकदम कामाला येते, आणि पहिल्या सत्रात जे अगदी नवे वाटत होते त्यातले पुष्कळ जुनेच होते हे ध्यानात येते. परीक्षा इंग्रजीत असल्याने उजळणीच्या वेळी उत्तर पुन्हा इंग्रजीतून म्हणावे लागते हे खरे, परंतु समजण्याची भाषा आणि सांगण्याची भाषा एकच असली पाहिजे असा नियम नाही.

गणितात आणि भौतिकशास्त्राच्या उदाहरणांत नोट्सचे स्वरूप आणखी निराळे होते. सोडवलेले उदाहरण फळ्यावरून उतरवून घेतले तर ती केवळ साठवण होते. त्या उदाहरणातील ज्या पायरीवर ‘हे असेच का केले’ असा प्रश्न पडतो तिच्यापुढे एक खूण करून कारण लिहिले, आणि स्वतः सोडवताना जिथे अडखळलो ती जागा लाल शाईने नोंदवून ठेवली, तर ते खरे टिपण होते. चुकांची वेगळी वही ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला महिन्याभरात दिसून येते की त्याच्या चुका असंख्य नसून चार-पाच प्रकारच्याच आहेत, चिन्ह बदलायचे राहणे किंवा एकक न पाहणे अशा. नवी भाषा शिकताना पान जवळपास निरुपयोगी ठरते आणि कार्ड उपयोगी पडते, कारण तिथे हजारो सुटे तुकडे निरनिराळ्या अंतराने आठवावे लागतात. जर्मन पत्रकार सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये सुचवलेल्या पेटीत बरोबर आलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि अधिक दिवसांनी परत येते, तर चुकलेले कार्ड पहिल्या कप्प्यात परतून लगेच समोर येते.

वर्षानुवर्षे चालणाऱ्या कामासाठी सुट्या चिठ्ठ्यांची पद्धत किती समर्थ असते याची दोन उदाहरणे अभ्यासण्याजोगी आहेत, आणि त्यांतले एक पुण्यातले आहे. जर्मनीतील बीलेफेल्ड विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान (१९२७–१९९८) यांनी १९५० च्या दशकापासून सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लिहिल्या. एका चिठ्ठीवर एकच विचार, तोही बहुतांशी स्वतःच्या शब्दांत, आणि प्रत्येक चिठ्ठीला असा क्रमांक की २१ आणि २२ यांच्या मध्ये नंतर सुचलेला विचार २१अ म्हणून घुसवता यावा आणि त्याची शाखा २१अ१ म्हणून वाढत जावी. शिवाय एका चिठ्ठीवर दुसऱ्या दूरच्या चिठ्ठीचा क्रमांक लिहून त्यांना जोडून ठेवायचे. विषयवार कप्पे न पाडल्यामुळे कायद्याविषयीची नोंद प्रेमाविषयीच्या नोंदीला जाऊन भिडू शकत असे, आणि लुमान आपल्या विपुल ग्रंथलेखनाचे श्रेय या पेट्यांशी चालणाऱ्या संवादाला देत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या संस्कृत महाकोशाच्या कामाची गरज याच्या उलट होती. ऋग्वेदापासूनच्या सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द वेचून विद्वानांनी सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार केल्या, आणि त्या आजही अकारविल्हे लावून धातूच्या कपाटांत जपलेल्या आहेत. इथे चिठ्ठी लिहिणारा आणि ती वापरणारा एक नव्हता. वेचणाऱ्याच्या पश्चात अनेक दशकांनी दुसरा कोणी संपादक ती उघडणार होता, म्हणून त्याने चिठ्ठीवर आपले मत नव्हे तर शब्द, संदर्भ आणि अवतरण जसेच्या तसे नोंदवायचे होते. शब्दशः टिपणे हा वर्गात दोष ठरतो, कोशाच्या कपाटात तोच धर्म ठरतो. आठ महिन्यांवर स्पर्धा परीक्षा आलेल्या उमेदवाराने मात्र लुमान यांची पेटी उभारायला बसू नये. ज्याचा अभ्यासक्रम आणि तारीख दोन्ही ठरलेली आहेत त्याला अनपेक्षित जोडण्यांपेक्षा ठरलेल्या प्रश्नांची ठरलेल्या वेळात उत्तरे हवी असतात, आणि पेटीची घडी बसायलाच काही वर्षे लागतात.

आपल्याला काय मानवते याचा निर्णय मग प्रश्नावलीने नव्हे तर प्रयोगाने घ्यावा लागतो, आणि तो प्रयोग घरी करता येण्याइतका साधा आहे. एकाच विषयाची, साधारण सारख्या कठीणपणाची दोन प्रकरणे घ्यावीत, एकाच्या नोट्स नेहमीच्या पद्धतीने आणि दुसऱ्याच्या नव्या पद्धतीने काढाव्यात, दोन्हींना सारखाच वेळ द्यावा, आणि दोन्ही वह्या आठवडाभर बंद ठेवाव्यात. आठव्या दिवशी कोरा कागद घेऊन आठवेल ते लिहावे आणि मग वही उघडून काय सुटले ते पाहावे. किती सुटले यापेक्षा काय सुटले हे अधिक सांगणारे असते. नावे आणि आकडे सुटत असतील तर कार्डे लागतील. नावे आठवतात पण कारणे सुटतात असे दिसले तर यादीऐवजी बाण आणि जोडशब्द लागतील. सगळे आठवते पण परीक्षेत प्रश्न वळवून विचारला की अडते असे असेल तर समासातले प्रश्न अधिक कठीण करावे लागतील. पहिल्या आठवड्यात नवी पद्धत जड वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून एका प्रकरणावरून निकाल न लावता तीन-चार प्रकरणे तरी द्यावीत.

एकदा पद्धत बसली की तिच्या पानांचा आकार घटत जातो, कारण जे आठवू लागले ते लिहिलेले ठेवण्याची गरज संपते. तासाला काढलेले दीड पान पहिल्या उजळणीत अर्ध्या पानावर येते, दुसऱ्या उजळणीत समासातले प्रश्न तेवढे राहतात, आणि परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पर्जन्यछायेच्या त्या तासाचे टिपण म्हणून तळहाताएवढ्या कागदाच्या कोपऱ्यात एक तिरकी रेघ उरते, जिच्या एका बाजूला चढ, थंड, पाऊस आणि दुसऱ्या बाजूला उतार, उबदार, कोरडे एवढेच लिहिलेले असते.